धिंड आणि नाकाबंदी

काही महिन्यांपूर्वी बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत रस्ता सुरक्षेसंबंधी एक बैठक झाली. परिसरातील कार्यालयांचे प्रतिनिधी, दोन-तीन रहिवासी संघटनांचे पदाधिकारी आणि आमच्यासारखे शेजारचे केंद्र सरकारी कार्यालयवाले असे पंचवीसएक जण होतो. विषयपत्रिकेवरील चौथ्या विषयाचे नाव मोठे सोज्ज्वळ होते : 'मद्यपान करून वाहन चालविणाऱ्यांवर सामाजिक दबाव'. प्रत्यक्ष प्रस्ताव असा, की होसूर रस्त्यावर रात्री जे पकडले जातील त्यांची नावे व छायाचित्रे परिसरातील इलेक्ट्रॉनिक फलकांवर आठवडाभर झळकवावीत आणि प्रत्येकाच्या मालकाला तसे पत्र जावे. हैदराबादेत पोलीस कंपन्यांना कळवितात, असा दाखलाही कोणी दिला. दहा मिनिटांत सर्वांची संमती झाली. विरोध मी एकट्याने केला, तेव्हा अध्यक्ष हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही दारुड्यांचे वकीलपत्र केव्हापासून घेतलेत?"

इतिवृत्तात माझ्या विरोधाचे एक वाक्य झाले : "एका सदस्यांनी शंका व्यक्त केली." तीस वर्षे फायली वाचणाऱ्या माणसाला या वाक्याचा अर्थ कळतो. मी शंका व्यक्त केली नव्हती. हा उपाय निरुपयोगी आहे, अन्याय्य आहे आणि त्याला कायद्याचा आधार नाही, असे स्पष्ट म्हटले होते. बैठकीत ते नीट मांडता आले नाही, म्हणून येथे लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करतो. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याविषयी मला तिळमात्र सहानुभूती नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात हैदराबादहून बंगळुरूला येणारी खासगी बस कर्नूलजवळ पेटली आणि सुमारे वीस माणसे गेली. रस्त्यात आडव्या पडलेल्या ज्या मोटारसायकलमुळे ती आग लागली, तिचा स्वार प्यालेला होता असे तपासात आढळले. त्याच महामार्गाच्या कडेला इलेक्ट्रॉनिक सिटी वसलेली आहे. त्या घटनेनंतर हैदराबादच्या पोलीस आयुक्तांनी अशा चालकांना थेट दहशतवादी म्हटले. त्यांचा संताप मला समजतो. पण संताप हे धोरण नव्हे, आणि धोरणाला विचारायचा प्रश्न एकच असतो : याने उद्या रात्री कमी माणसे मरतील का?

लाज लावून माणसे सुधारतात ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. तोंडाला काळे फासून गाढवावरून धिंड काढण्याची प्रथा आपल्या वाङ्मयातून आणि वाक्प्रचारांतून अजून गेलेली नाही. अलीकडचे उदाहरण राळेगणसिद्धीचे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी गावात दारूबंदी केली तेव्हा न ऐकणाऱ्यांना देवळासमोरच्या खांबाला बांधून पट्ट्याने मारले जाई. ही गोष्ट अण्णांनी कधी लपविली नाही आणि गावानेही नाकारली नाही. त्या प्रकाराच्या नैतिकतेविषयी मतभेद होऊ शकतील. पण दारू गावातून हटली, हे मान्य करावे लागते. बैठकीत एका मराठी गृहस्थांनी मला नेमके हेच उदाहरण ऐकविले.

परंतु राळेगणात काय होते ते पाहा. दोन-अडीच हजारांची वस्ती. खांबाला बांधलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर, त्याच पारावर, त्याच लोकांसमोर जाणार. त्याच्या मुलीची सोयरीक त्याच पंचक्रोशीत जमायची. शिवाय ज्यांनी बांधले, त्यांनीच पुढे त्याला श्रमदानात सामावून घेतले. जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९ साली आपल्या ग्रंथात लाजेचे दोन प्रकार सांगितले : एक माणसाला समाजात परत घेणारी, दुसरी त्याला बाहेर फेकून डाग देणारी. पहिलीने गुन्हा घटतो, दुसरीने वाढण्याचाच संभव अधिक, असे त्याचे प्रतिपादन. राळेगणात निदान परत घेण्याची सोय होती.

आता इलेक्ट्रॉनिक सिटीत या. १९७८ मध्ये कर्नाटक शासनाच्या किऑनिक्सने शहराबाहेर ३३२ एकरांवर ही वसाहत आखली. आज तेथे देशभरातून आलेली लाखो माणसे राबतात. नीलाद्री रोडवर, दोड्डतोगूरला पेइंग गेस्ट म्हणून राहतात, अकरा महिन्यांचा करार संपला की दुसरीकडे जातात. शेजारच्या दारावरील पाटी वाचलेली नसते. या वस्तीत फलकावर कोणाचा चेहरा दिसला तर त्याला ओळखणार कोण? लाज वाटायला पाहणारा लागतो, आणि ज्याच्या मताची आपल्याला किंमत आहे असा पाहणारा लागतो. 'जनाची नाही तरी मनाची' असे आपण म्हणतो त्यात 'जन' गृहीत धरलेले आहेत. येथे जनच नाहीत, गर्दी आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा सख्खा भाचा या वसाहतीत सहा वर्षे नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी कोरमंगलाहून मित्रांबरोबर परतताना बोम्मनहळ्ळीजवळ त्याने यंत्रात फुंकर मारली आणि आकडा मर्यादेच्या दुपटीहून अधिक आला. कोर्टात दहा हजार भरले. तेवढ्यावर प्रकरण संपले असते. पण त्या रात्री कोणा वाहिनीचा कॅमेरा तेथे होता. त्याचा तोंड लपवितानाचा वीस सेकंदांचा तुकडा बंगळुरूतल्या सांगलीकरांच्या व्हॉट्सॲप गटावर आला आणि तेथून सांगलीला पोहोचला.

परिणाम काय झाला? कार्यालयात मित्रांनी त्याला केक आणून 'पदार्पण' साजरे केले. आठवडाभर चेष्टा झाली, संपले. सांगलीत मात्र माझी ताई दोन दिवस जेवली नाही. महिला मंडळात जाणे तिने सोडले ते अजून सोडलेलेच आहे. भाच्याने फोनवर मला विनवले होते, "मामा, आईला काही सांगू नका." सांगायची गरजच उरली नव्हती. गुन्हा बंगळुरूत घडला, लाज सांगलीत वसूल झाली, आणि तीही जिने आयुष्यात दारूची बाटली हाताळलेली नाही तिच्याकडून. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला कराचा भार कायद्याने कोणावर आणि प्रत्यक्षात कोणावर हा भेद पहिल्या वर्षी शिकवितात. येथे तो मी आमच्याच घरात पाहिला.

भाचा सुधारला का? प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यानंतर कित्येक महिने तो पूर्वीसारखाच जात होता. फरक एवढाच, की होसूर रस्ता सोडून बेगूरच्या बाजूने आतल्या रस्त्यांनी येऊ लागला. नाकाबंदी कोठे असते हे त्याच्या मित्रमंडळींत सर्वांना पाठ होते. हा तपशील लक्षात ठेवावा. त्याकडे पुन्हा यायचे आहे.

दुसरे उदाहरण आमच्या कार्यालयाच्या गाडीवरील कंत्राटी चालकाचे. कोलारकडचा माणूस, चार वर्षे काम केले, कामावर कधी प्यालेला आढळला नाही. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या दुचाकीवर पकडला गेला. गुन्हा तोच, दंड तोच. पण ठेकेदाराला बातमी लागली आणि त्याच संध्याकाळी त्याची किल्ली काढून घेतली गेली. भाच्याच्या कंपनीने मनुष्यबळ विभागामार्फत अर्ध्या तासाचे समुपदेशन केले होते. चालकाला समुपदेशन नव्हते. काही दिवसांनी कळले, की तो आता रात्रीच्या वेळी भाजीचा टेम्पो चालवितो. रात्रभर जागून, कोणाच्या देखरेखीविना. मालकाला पत्र पाठविण्याच्या प्रस्तावाला माझा पहिला आक्षेप येथे आहे. ज्याचे हातावर पोट आहे त्याला ते पत्र म्हणजे उपासमार आणि ज्याची कंपनी त्याला सोडू इच्छित नाही त्याला ते गंमत. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी असे आपण म्हणतो. ही शिक्षा माणसाच्या दुबळेपणाच्या प्रमाणात पडते. आणि तो टेम्पो रस्त्यावर आहेच.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने दंड दोन हजारांवरून दहा हजार झाला आणि पुन्हा सापडल्यास पंधरा हजार व दोन वर्षांपर्यंत कैद. संसदेने विचार करून ठरविलेल्या शिक्षा या. त्यांत फलक नाही, वहीत वाक्य लिहिणे नाही. तरीही २०२३ च्या फेब्रुवारीत कोची परिसरातील पोलिसांनी पकडलेल्या बसचालकांना जमिनीवर बसवून 'यापुढे दारू पिऊन गाडी चालविणार नाही' असे हजार वेळा लिहायला लावले. त्यांत शाळेच्या गाड्यांचे चालकही होते. देशभर लोक हसले, टाळ्या पडल्या. शाळेची मुले ज्याच्या हाती आहेत त्याला उद्या स्टिअरिंगवर बसू द्यायचे की नाही, हा खरा प्रश्न; त्याचे उत्तर वहीत नसते.

ते उत्तर अधिनियमातच आहे. कलम २० म्हणते, की कलम १८५ खाली दोषी ठरलेल्यास न्यायालयाने किमान सहा महिने परवान्यासाठी अपात्र ठरवावे. 'ठरवू शकेल' असे नव्हे. भाच्याचा परवाना एक दिवसही कोणी मागितला नाही. बैठकीतल्या पंचवीस जणांपैकी या कलमाचा उल्लेख कोणी केला नाही. फलक किती फुटांचा असावा यावर मात्र वीस मिनिटे गेली.

शासनाने नागरिकाचा चेहरा चौकात टांगणे ही बाब क्षुल्लक नाही. २०२० च्या मार्चमध्ये लखनौत आंदोलकांची नावे, पत्ते, छायाचित्रे असलेले फलक उत्तर प्रदेश शासनाने लावले, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि कायद्याचा आधार नसताना असे करणे म्हणजे अनुच्छेद २१ मधील खासगीपणाच्या अधिकाराचा भंग होय, असे सांगून फलक उतरविण्याचा आदेश दिला. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आले, स्थगिती मिळाली नाही. आंदोलक आणि मद्यपी चालक एक नव्हेत हे मला मान्य. पण फुंकरयंत्राचा आकडा हा पुरावा आहे, निकाल नव्हे. निकालाआधी चेहरा लावायचा आणि उद्या यंत्र सदोष निघाले तर तो कोणत्या परिपत्रकाने पुसायचा?

आता मूळ प्रश्न : याने धाक बसतो का? गॅरी बेकर यांनी १९६८ साली गुन्हा आणि शिक्षेचे अर्थशास्त्र मांडले, त्याचा ढोबळ अर्थ असा, की माणूस शिक्षेच्या तीव्रतेला ती होण्याच्या संभाव्यतेने गुणतो. फलक तीव्रता वाढवितो. संभाव्यता जागच्या जागी राहते. ती शून्याजवळ असेल तर तीव्रता कितीही वाढवा, गुणाकार शून्याजवळच. ब्रिटनमध्ये १९६७ च्या ऑक्टोबरात फुंकरचाचणीचा कायदा अमलात आला तेव्हा रात्रीचे अपघात झपाट्याने घटले, आणि मग हळूहळू पूर्वपदावर आले. लॉरेन्स रॉस यांनी त्याचे विवेचन केले आहे : लोकांना आरंभी वाटले आपण सापडणार, नंतर अनुभवाने कळले की सापडत नाही. याउलट न्यू साउथ वेल्समध्ये १९८२ च्या डिसेंबरपासून कोणालाही, कोठेही, संशय नसतानाही थांबवून चाचणी सुरू झाली, ती मोठ्या प्रमाणावर व वर्षानुवर्षे चालली. तेथील घट टिकली.

आपल्याकडचा पुरावा तर याहून मोलाचा आहे, आणि तो राजस्थानचा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, डॅनियल केनिस्टन आणि स्वतः राजस्थान पोलीस सेवेत असलेल्या नीना सिंह यांनी तेथील पोलीस ठाण्यांच्या हद्दींत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून नाकाबंदीचा प्रयोग केला. काही ठिकाणी नाकाबंदी एकाच मोक्याच्या जागी, काही ठिकाणी जागा बदलत. जागा बदलणाऱ्या नाकाबंदीने रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. एकाच जागी उभ्या राहणाऱ्या नाकाबंदीचा म्हणण्याजोगा परिणाम आढळला नाही. वाचकांना माझ्या भाच्याचा बेगूरचा रस्ता आठवत असेल. जे संशोधकांनी आकड्यांत दाखविले, ते त्याला मित्रांकडून तोंडी कळले होते. कोठे उभे राहतील हे माहीत असेल तर पोलीस हा फक्त वळसा आहे.

मी स्वतः मुंबईत नेमणुकीवर असताना हा बदल डोळ्यांनी पाहिला. २००७ साली तेथे वाहतूक पोलिसांनी नेटाने मोहीम उघडली आणि न्यायालयांनी काहींना थोड्या दिवसांसाठी का होईना तुरुंगात पाठविले. त्याआधीच्या वर्षी वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात मजुरांना गाडीने चिरडले होते. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा कायम केली. आमच्या वर्तुळातील माणसे, ज्यांना मी वर्षानुवर्षे प्यालेल्या अवस्थेत किल्ली फिरविताना पाहिले होते, ती एकाएकी टॅक्सी बोलावू लागली. कारण कोणाचा चेहरा वर्तमानपत्रात आला हे नव्हते. "आज कुठे थांबवतील सांगता येत नाही," हे वाक्य मी तेव्हा अनेकांच्या तोंडून ऐकले. पुढे पुढे प्यालेल्याने किल्ली मागणे हे त्या वर्तुळात असभ्य ठरले. म्हणजे लाज आलीच. पण ती धाकाच्या मागून आली. आमचे बैठकवाले तिला पुढे जुंपू पाहतात.

आणखी एक साधी गोष्ट विसरली जाते. लाज ही शुद्धीवर असलेल्या माणसाची भावना आहे. रात्री साडेबाराला तीन पेग झालेल्या माणसाच्या मनात जी सर्वांत आधी विरघळते ती हीच. त्या क्षणी फलक आठवून तो किल्ली खिशात ठेवील, ही अपेक्षा फक्त न पिणारे लोकच करू शकतात. निर्णयाचा खरा क्षण संध्याकाळी सातचा आहे : गाडी घेऊन जायचे की ठेवून. तो निर्णय ज्या गोष्टींवर अवलंबून असतो त्यांत परतीचे साधन पहिले. २००० च्या दशकात या वसाहतीतून रात्री शहरात जाण्यायेण्याला स्वतःच्या वाहनाशिवाय दुसरा भरवशाचा मार्ग नव्हता. २०१० मध्ये सिल्क बोर्डापासून सुमारे दहा किलोमीटरचा उन्नत मार्ग झाला, त्याने वेग वाढविला. वेग आणि दारू यांचे नाते सांगायला नको. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू व्हायला १० ऑगस्ट २०२५ उजाडले. भाचा आता बहुतेक वेळा मेट्रोने जातो. त्याला उपरती झाली असे मी ताईला सांगितले आहे. खरे कारण स्थानक त्याच्या दारात आले हे आहे.

शासनाच्या दुटप्पीपणाविषयीही बोलले पाहिजे, जरी मी त्याच शासनाचा नोकर असलो तरी. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला. त्यावर काही राज्यांनी काय केले? शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच काढून घेतला. रस्ता तोच, दुकान तेच, फक्त कागदावर महामार्ग उरला नाही. अबकारीचे उत्पन्न जेथे पणाला लागते तेथे प्रशासन इतके कल्पक होते, आणि तेच प्रशासन एकेकट्या पिणाऱ्याला चौकात उभे करून नीतीचा धडा द्यायला निघते.

पुण्याच्या कल्याणीनगरचे प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण लाजेचा याहून मोठा प्रयोग महाराष्ट्राने पाहिला नसेल. १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंते ठार झाले. बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले आणि देश पेटून उठला. महिनोन्‌महिने त्या कुटुंबाची जेवढी निर्भर्त्सना झाली तेवढी कोणा फलकाने होणार नाही. तेवढ्याने त्याच वर्षी जुलैत वरळीत मोटारीखाली एक महिला फरफटत जाण्याचे थांबले नाही. आणि पुण्याच्या प्रकरणात नेमके काय घडल्याचा आरोप आहे? ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलला गेला, आणि त्यासाठी दोन डॉक्टरांना अटक झाली. संबंध खटल्याचा कणा म्हणजे ती एक कुपी. ती कोणी घेतली, कोणाच्या सहीने, किती वाजता, सील कोणाचे, या कंटाळवाण्या नोंदवहीत न्याय असतो. त्या नोंदवहीसाठी मेणबत्ती मोर्चा निघत नाही. निघायला हवा होता.

माझ्या तीन पानी टिपणात शेवटी मी एकच मागणी केली होती. फलक लावायचाच असेल तर त्यावर चेहरे लावू नका. दर आठवड्याला होसूर रस्ता व आतील रस्त्यांवर मिळून किती वाहने थांबवून तपासली, किती ठिकाणी, त्यांत किती दोषी आढळले आणि किती परवाने सहा महिन्यांसाठी जमा झाले, हे चार आकडे लावा. पहिला आकडा मोठा असेल तर वाचणाऱ्याला धाक वाटेल. तो लहान असेल तर लाज वाटायला हवी ती आम्हा प्रशासनातल्या लोकांना, आणि तिला निदान ओळखणारे प्रेक्षक असतील.

या टिपणाची पोच मला मिळाली आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत मात्र चौथा विषय पूर्वीच्याच शब्दांत आहे. कंसात 'फलकाच्या दरपत्रकांसह' एवढी भर पडली आहे. मी जाणार आहे.